मांडी घालून बसणाऱ्याचं पेडल

गिटारचं इफेक्ट पेडल बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक उभा माणूस असतो. पायात बूट, गळ्यात पट्ट्यानं अडकवलेली गिटार, दोन्ही हात तारांवर आणि खाली ठेवलेली लोखंडी डबी दाबायला एक मोकळा पाय. डबीवरचं बटण म्हणूनच इतकं दणकट असतं आणि नॉब इतके बारीक. नॉब कार्यक्रमाआधी वाकून फिरवायचे, कार्यक्रमात फक्त पाय मारायचा, असा तो सगळा हिशेब आहे.

आता आपल्या कव्वालीच्या मंचाकडे बघा. बेंजोवाला गादीवर मांडी घालून बसलेला असतो. वाद्य पुढ्यात आडवं. डावा हात टाइपरायटरसारख्या बटणांवर, उजवा तारांवर, दोन्ही पाय दुमडलेले. तेच इको पेडल त्याच्या गुडघ्याशी पडलेलं असतं. कव्वाल संथपणे शेर म्हणतो तेव्हा इको छान लागतो, सूर मागं रेंगाळतो. मग ढोलक उचल खाते, टाळ्या सुरू होतात, तोच मिसरा तिसऱ्यांदा येतो, आणि आता इको नको असतो. तो बंद करायला एक हात वाद्यावरून उचलावा लागतो. ऐन गर्दीच्या जागी दोन मात्रा रिकाम्या जातात. नाहीतर वादक इको तसाच चालू ठेवतो आणि सुरांवर सूर चढून सगळा गिचका होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, साउंडवाल्याला काही कळत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. या माणसाला नवं पेडल नको आहे. त्याच्याकडे आहे त्याच पेडलचा ताबा त्याच्या गुडघ्यापर्यंत आणून द्यायचा आहे, आणि हे काम शंभर-दीडशे रुपयांच्या सामानात गल्लीतल्या मेकॅनिकला करता येतं. ते होत नाही याचं कारण पैसा नाही, आणि माझी तक्रार त्या कारणाबद्दल आहे.

आधी वाद्याविषयी थोडं, कारण आपल्याच घरात त्याची कदर कमी. आपण ज्याला बेंजो म्हणतो त्याचा अमेरिकेतल्या बँजोशी नावापलीकडे संबंध नाही. जपानमधल्या नागोया शहरात १९१२ साली गोरो मोरिता यांनी ताइशोगोतो नावाचं वाद्य तयार केलं. ते आपल्याकडे आलं, बुलबुल तरंग झालं, मग बेंजो झालं. बलुच लोकांकडे त्याचंच बेंजू झालं. महाराष्ट्रात ते कव्वालीच्या पार्टीत शिरलं आणि गणपती, हळद, लग्नाच्या वरातीतही. रवी जाधव यांनी २०१६ साली ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला, तो याच वाद्याच्या पार्ट्यांवर. वाद्याला पिकअप बसला, ते इलेक्ट्रिक झालं, आणि पिकअपमधून निघणारा सिग्नल गिटारच्या जातीचाच असल्यामुळे गिटारची पेडलं त्याला चालू लागली. वाजवणाऱ्यानं पेडल उचललं, पण पेडल बनवणाऱ्याला हा वाजवणारा कधी दिसलाच नाही.

संगीताबद्दल आपल्या समाजात दोन मतं आहेत हे मला माहीत आहे. तो वाद इथे उकरायचा नाही. उरुसाच्या हंगामावर ज्यांच्या घरची चूल पेटते त्यांच्या हत्याराबद्दल मी लिहितो आहे.

दापोडीत बसून हे लिहिण्यालाही कारण आहे. पुण्यातून हॅरिस पूल ओलांडला की पहिलं गाव आमचं. पुढे फुगेवाडी, कासारवाडी, भोसरी, पिंपरी, चिंचवड, तिकडे थेट चाकणपर्यंत कारखाने. इथे एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. राज्यात अशा तीनच आहेत, दुसऱ्या दोन संभाजीनगरला आणि नागपूरला. जुन्या चासीवर नवी बॉडी बांधून गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची, हे या कार्यशाळांचं जुनं काम. चासी धड असेल तर गाडी भंगारात का घालायची, हे आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पण तोच माणूस पंधरा वर्षं जुनं इको पेडल घेऊन वाद्यांच्या दुकानात गेला की त्याला ऐकवलं जातं: “हे ॲनलॉग आहे, जुनं झालं. मल्टिइफेक्ट घ्या, त्यात सगळं येतं.” आणि तो मान डोलावून हप्त्याची चौकशी करतो.

ॲनलॉग असणं म्हणजे जुनं होणं नव्हे. ॲनलॉग पेडलमध्ये आवाजाचा सिग्नल ट्रान्झिस्टर, ऑपॲम्प, कपॅसिटर यांच्यातून जातो आणि त्याला वळण देतो तो पॉट, ज्याला आपले रेडिओवाले अजूनही ‘कंट्रोल’ म्हणतात. नॉब फिरवला की पॉटचा रोध कमीजास्त होतो, इतकंच. म्हणून बाहेरून ताबा मिळवायचा तर प्रश्न दोनच उरतात. बटण दुसऱ्या जागेवरून कसं दाबायचं आणि पॉटचा रोध हात न लावता कसा बदलायचा.

पहिला प्रश्न अनेकदा फुकटात सुटतो. पेडलचं बटण दाबून बघा. दाबल्यावर ‘कट्ट’ असा आवाज येऊन बटण आतून जागा बदलत असेल, तर तो यांत्रिक स्विच आहे, आवाजाचा सिग्नल थेट त्यातून जातो. पण दाब मऊ असेल आणि सोडल्यावर बटण पहिल्या जागी येत असेल, तर आत इलेक्ट्रॉनिक स्विच आहे. बॉस कंपनीच्या जुन्या पेडलांत आणि आयबानेझच्या टीएस-९ मध्ये हीच रचना आहे. तिथे पायाखालचं बटण फक्त एक इशारा देतं. तो इशारा मिळाला की आतलं फ्लिपफ्लॉप सर्किट बाजू बदलतं आणि एफईटी ट्रान्झिस्टर सिग्नलचा रस्ता वळवतात. याचा अर्थ असा, की त्या छोट्या बटणाच्या दोन टोकांवर दोन तारा समांतर जोडून बाहेर काढल्या आणि त्यांच्या टोकाला दुसरं बटण लावलं, तर तेच काम गुडघ्याखालून होतं. आवाजाचा सिग्नल पेडलच्या बाहेर येतच नाही, त्यामुळे तार दोन मीटर लांब असली तरी गुणगुण चढत नाही.

बटण कुठलं लावायचं? दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारं हॉर्नचं बटण मला सगळ्यात योग्य वाटतं. ते धुळीपावसासाठीच केलेलं असतं, दाबलं की लागतं, सोडलं की सुटतं. फक्त एक खोच आहे. हॉर्नच्या बटणाचे संपर्क भरपूर करंट वाहण्यासाठी केलेले असतात. पेडलच्या त्या इशाऱ्यात करंट इतका नगण्य असतो, की संपर्कावर चढणारा काळा थर तो फोडू शकत नाही. दोन महिने बटण झकास चालतं आणि मग ऐन कार्यक्रमात दगा देतं. यावर उपाय पीसी८१७ नावाच्या चार पायांच्या चिपचा. ही ऑप्टोकपलर, बंद पडलेल्या जवळपास प्रत्येक चार्जरमध्ये सापडते. तिच्यात एका बाजूला एलईडी आणि दुसऱ्या बाजूला प्रकाशावर चालणारा ट्रान्झिस्टर असतो. हॉर्नचं बटण, एक किलोओहमचा रोध आणि चिपमधला एलईडी अशी साखळी नऊ व्होल्टला जोडायची. सात-आठ मिलिॲम्पिअर करंट वाहतो, संपर्क साफ राहतात. ट्रान्झिस्टरची बाजू पेडलच्या बटणावर समांतर लावायची, ज्या टोकाला व्होल्टेज जास्त तिथे कलेक्टर. ते टोक कुठलं, हे मल्टिमीटर सांगतो. बटणाच्या थरथरीनं एका दाबात दोनदा स्विच होत असेल, तर चिपच्या एलईडीवर दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर समांतर टाकायचा.

यांत्रिक स्विचच्या पेडलला हे जमत नाही. तिथे सिग्नल रिले बसवावा लागतो आणि रिले सांभाळायला थोडं सर्किट. खर्च वाढतो, तरी हजाराच्या खूप आत राहतो. अशा पेडलला हात लावण्यापेक्षा वेगळ्या डबीत रिले ठेवून पेडलला त्या डबीतून बायपास करणं बरं. पेडलला छिद्र पाडावं लागत नाही, विकताना किंमत राहते.

दुसरा प्रश्न जास्त मजेचा आहे. इको पूर्ण बंद न करता हळूहळू ओढून घ्यायचा असेल तर पॉटचा रोध बाहेरून बदलला पाहिजे. इथे हमखास होणारी गोष्ट म्हणजे पॉटच्या तिन्ही तारा लांब करून बाहेर आणणं. मग त्या तारा अँटेनासारखं काम करतात आणि मंचावरच्या लाइटांची सगळी भुणभुण आत येते. आवाज बाहेर आणायचा नसतो, बाहेर फक्त हुकूम आणायचा असतो.

हुकूम आणण्याचा स्वस्त मार्ग एलडीआर. प्रकाश पडला की याचा रोध उतरतो. बाजारात पाच-दहा रुपयांना मिळतो. अंधारात रोध मेगाओहमच्या घरात, समोर एलईडी लावून पेटवला तर काही शे ओहमपर्यंत खाली. एलडीआर आणि एलईडी समोरासमोर ठेवून वर काळी हीटश्रिंक नळी चढवायची, दोन्ही टोकं नीट बंद करायची, झालं मॉड्यूल. हे पेडलच्या आत बसतं. बाहेर येतात त्या फक्त एलईडीच्या दोन तारा.

हा जुगाड आहे, असं म्हणून कुणी नाक मुरडत असेल तर त्यानं युनिव्हाइबचा इतिहास वाचावा. जपानच्या शिन-ई कंपनीसाठी फुमिओ मिएदा यांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी केलेल्या त्या यंत्रात मधोमध एक बल्ब लुकलुकतो आणि भोवतीचे चार एलडीआर त्याच्या तालावर रोध बदलतात. जिमी हेंड्रिक्सनं १९६९ साली वुडस्टॉकच्या मंचावर तेच वापरलं. मॉर्ले कंपनीच्या वाह पेडलांतही पॉटऐवजी प्रकाशच काम करतो, म्हणून ती झिजून खरखरत नाहीत.

जोडणी कशी करायची हे पॉट कसा लावला आहे त्यावर ठरतं. इकोचा ‘लेव्हल’ किंवा ‘मिक्स’ पुष्कळदा साध्या व्हॉल्यूमसारखा तीन पायांचा असतो. तिथे मधला पाय आणि ग्राउंडकडचा पाय यांच्यामध्ये एलडीआर लावायचा. एलईडी पेटला की इको दबतो, जवळजवळ नाहीसा होतो. नॉब अगदी शेवटाला नेलेला असेल तर परिणाम कमी दिसतो, म्हणून नॉब मध्याच्या आसपास ठेवून बघायचं. ट्यूब स्क्रीमरच्या जातीच्या पेडलमध्ये ड्राइव्हचा ५०० किलोओहमचा पॉट दोनच पायांनी, नुसता बदलता रोध म्हणून लावलेला असतो. त्याला एलडीआर समांतर लावला की एलईडी पेटताच आवाज स्वच्छ होतो, विझला की पुन्हा कडक.

या पद्धतीत मला सगळ्यात जास्त आवडते ती एक गोष्ट. एलडीआर समांतर असतो, मूळ पॉट जागेवरच राहतो. कार्यक्रमात कुणाचा पाय अडकून तार उपटली गेली, तर एलईडी विझतो आणि पेडल पूर्वी चालत होतं तसं चालू लागतं. वाद्य मुकं होत नाही. ज्याला रात्रीचा कार्यक्रम पार पाडून मगच बिदागी मिळते त्याला ही गोष्ट कुठल्याही वैशिष्ट्यापेक्षा मोलाची.

एलईडी कमीजास्त करायला दहा किलोओहमचा पॉट व्होल्टेज वाटणाऱ्या पद्धतीनं लावायचा. दोन टोकं नऊ व्होल्ट आणि ग्राउंडला, मधला पाय एक किलोओहमच्या रोधातून एलईडीला. नुसता मालिकेत लावला तर एलईडी पूर्ण विझत नाही आणि एलडीआरला अंधारच मिळत नाही. हा पॉट कुठल्या सांगाड्यात बसवायचा हे आपापल्या कल्पकतेवर. शिलाई मशीनच्या मोटरचा जुना पायडल चांगला. घरोघरी पडलेला असतो, आत स्प्रिंग असते, गुडघ्यानं दाबला तरी जातो. मात्र आतला सगळा मूळ मसाला आणि २३० व्होल्टची वायर आधी कापून फेकायची. नंतर कापू म्हणून ठेवायची नाही. त्या पायडलचा प्लग कुणी सवयीनं बोर्डात घातला, तर काय होईल हे लिहायची गरज नाही.

दोन ठिकाणी मेकॅनिक फसतो. झाकण उघडं ठेवून ट्यूबलाइटखाली तपासणी केली तर ट्यूबचा प्रकाश एलडीआरवर पडतो आणि पेडल गुरगुरू लागतं. तो सर्किट शोधत बसतो, दोष सर्किटात नसतोच. झाकण लावलं की गुरगुर जाते. दुसरं, ॲडाप्टर हलका असेल तर त्याच्या व्होल्टेजमधल्या लाटा एलईडीलाही हलवतात आणि आवाजात थरथर येते. एलईडीच्या पुरवठ्यावर शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला की बहुतेक वेळा भागतं.

आता ज्याचा हल्ली फार बोलबाला आहे त्याकडे येतो. आर्डुइनो. आमच्याकडच्या डिप्लोमाच्या पोरांना काहीही सांगा, ती आर्डुइनो काढतात. मला त्या बोर्डाबद्दल आकस नाही. ज्याच्याकडे सहा पेडलं आहेत आणि एका दाबात तीन बंद करून दोन चालू करायची आहेत, त्यानं जरूर लावावा, मिडीही जोडावी. मिडी १९८३ पासून आहे आणि अजून चालते. पण एका इको पेडलसाठी प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे सायकलला टॅकोमीटर लावणं.

आणि त्यात एक सापळा आहे, ज्याबद्दल व्हिडिओत क्वचितच सांगतात. आर्डुइनोसोबत पॉटच्या जागी डिजिटल पॉट लावतात. एमसीपी४१०१० आणि तिची भावंडं, २५६ पायऱ्यांची, किंवा एक्स९सी१०३, शंभर पायऱ्यांची. या चिपा पाच व्होल्टवर चालतात. पेडल नऊ व्होल्टवर चालतं आणि त्यातला सिग्नल साडेचार व्होल्टच्या भोवती वरखाली होतो. एमसीपीच्या चिपला आपल्या पुरवठ्याबाहेरचं व्होल्टेज चालत नाही. म्हणजे सिग्नलला वर जायला अर्धा व्होल्ट जागा. जोरात छेडलं की वरचं टोक कापलं जातं, आवाज फाटतो, आणि पोरगं म्हणतं चिप नकली निघाली. दोन्ही बाजूंना कपॅसिटर लावून चिपपुरता सिग्नल अडीच व्होल्टवर आणला तर सुटतं, पण मग समजून केलं पाहिजे. शिवाय पायऱ्या बदलताना बारीक खरखर येते ती वेगळी, आणि बोर्डाच्या घड्याळाची किणकिण आवाजात शिरली तर तिचा बंदोबस्त वेगळा. आपला एलडीआर मुळात आळशी आहे. त्याला बदलायला काही दशांश मिलिसेकंद नव्हे, चांगले दहा-वीस-तीस मिलिसेकंद लागतात. तो आळसच इथे गुण ठरतो. इको झटक्यात तुटत नाही, मावळतो.

वीजपुरवठ्याबद्दल एकच सांगतो, कारण यात पेडलं मेलेली मी पाहिली आहेत. गिटारच्या पेडलांचा प्लग बहुधा मधे निगेटिव्ह असतो. घरातल्या वायफाय राउटरचा ॲडाप्टर बहुधा मधे पॉझिटिव्ह, आणि पुष्कळदा बारा व्होल्टचा. प्लग मात्र सारखाच बसतो. मॉड्यूल बसवायला पेडल उघडलंच आहे तर आतच एक शॉट्की डायोड टाकून ठेवा. दोन-पाच रुपयांत पुढचा घोटाळा टळतो.

सामान कुठे मिळतं? बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत. मेट्रो दापोडीला १ ऑगस्ट २०२३ पासून थांबते, त्यामुळे आता दुपारच्या सुट्टीतही जाऊन येता येतं.

मग इतकं सोपं आणि इतकं स्वस्त असून हे होत का नाही? याला दोन जण जबाबदार आहेत. पहिला पेडल बनवणारा. पुष्कळ छोट्या कंपन्या चिपांवरचे नंबर घासून टाकतात किंवा सगळ्या सर्किटवर काळा डिंक ओततात. नक्कल होऊ नये म्हणून, असं त्यांचं म्हणणं. नक्कल करणारा डिंक खरवडून नक्कल करतोच. अडतो तो दुरुस्त करणारा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काची भाषा सुरू केली, समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही उघडलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं आली. वाद्यं कुणाला आठवली नाहीत. बेंजोवाल्याच्या वतीनं कोण दिल्लीला जाणार?

दुसरा जबाबदार आपलाच आहे, आणि त्याच्याबद्दल जास्त बोललं पाहिजे. तो म्हणजे आपला उस्ताद. ज्याच्या हातात खरोखर हुनर आहे, जो आवाज ऐकून कुठला कपॅसिटर गेला हे सांगतो, तोच दुरुस्ती झाल्यावर चिपवरचा नंबर पत्र्यानं खरवडतो. गिऱ्हाइकानं दुसरीकडे जाऊ नये म्हणून. शागिर्द पाच वर्षं दुकानात बसतो, सोल्डर धरतो, चहा आणतो, पण सर्किटचं चित्र त्याला मिळत नाही. उस्ताद थकतो, दुकान बंद होतं, आणि त्यानं बसवलेली मॉड्यूलं भंगारात जातात कारण आत काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. सच्चर समितीनं २००६ साली नोंदवलं, की मुस्लिम कामगारांत स्वयंरोजगाराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. आपण ते वाक्य नोकऱ्यांच्या चर्चेत उद्धृत करतो आणि सोडून देतो. स्वयंरोजगार म्हणजे या पट्ट्यात गॅरेज, वेल्डिंग, वायरिंग, मोबाइल दुरुस्ती, साउंड. या प्रत्येक धंद्यात तालीम आहे आणि ती सगळी तोंडी आहे. कागदावर काहीच नाही. मग ‘आमच्या पोरांकडे हुनर आहे पण प्रमाणपत्र नाही’ अशी खंत करायची आणि त्याच वेळी सर्किटचा कागद खिशात लपवायचा, हे दोन्ही कसं चालेल?

उस्तादाची बाजू मला कळते. त्याच्याकडे भांडवल नाही, पेटंट नाही, दुकानाची जागा भाड्याची. गुपित हीच त्याची एकुलती मालमत्ता. पण वर सांगितलेल्या मॉड्यूलात गुपित असं आहे काय? एक एलईडी, एक एलडीआर, दोन रोध. पोरगं एका संध्याकाळी यूट्यूबवर शिकतं. गिऱ्हाईक उस्तादाकडे येतं ते त्याच्या हाताच्या सफाईसाठी, आणि रात्री अकरा वाजता फोन केला तर तो येतो म्हणून. चित्र देऊन यातलं काहीच जात नाही. उलट कार्यक्रम सांगलीला असेल आणि तार तुटली, तर तिथला मेकॅनिक चित्र बघून जोडून देईल आणि बेंजोवाला परत आपल्याच उस्तादाचं नाव घेईल.

म्हणून माझा आग्रह एवढाच आहे, की मॉड्यूल बसवून घेणाऱ्यानं पैसे देताना कागद मागावा. पेडलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला, हातानं काढलेला, मराठीत किंवा उर्दूत, जे येत असेल त्यात. कुठल्या पॉटच्या कुठल्या पायाला काय जोडलं, एलईडीची कुठली तार पॉझिटिव्ह, ॲडाप्टर किती व्होल्टचा. चार ओळी पुरतात. माझ्या ओळखीच्या एका बेंजोवाल्या चाचांनी असा कागद मागितला तेव्हा मेकॅनिक रुसला होता. चाचा म्हणाले, “बाबा, मी उद्या नसलो तर हे पेडल माझा मुलगा वाजवणार. त्याला तुझा पत्ता शोधत हिंडायला लावू का?” कागद मिळाला.

मल्टिइफेक्ट घेऊच नये, असं मात्र मी म्हणत नाही. ज्याच्याकडे आज एकही पेडल नाही आणि ज्याला कोरस, इको, रिव्हर्ब सगळंच हवं आहे, त्याला जुनं प्रोसेसर घेणं सुटी पेडलं जमवण्यापेक्षा स्वस्त पडेल. वरातीच्या बेंजो पार्टीत वाद्य स्टँडवर असतं, वादक उभा असतो, त्याचा पाय मोकळा आहे, त्याला गुडघ्याच्या बटणाची गरजच नाही. आणि ‘ॲनलॉग इको’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी पेडलांच्या पोटात पीटी२३९९ ही चिप असते, जी आतून डिजिटलच आहे. ॲनलॉगचा सोवळेपणा करण्यात अर्थ नाही. त्या चिपच्या सहाव्या पायावरचा रोध इकोचा वेळ ठरवतो, आणि तिथेही एलडीआर लावता येतो. एवढंच, की तिथे दोन किलोओहमचा एक पक्का रोध मालिकेत राहू द्यावा. पेडल सुरू होताना त्या पायावर रोध फारच कमी असला तर चिप अडकून बसते आणि आवाज येत नाही.

कुणी करून बघणार असेल तर प्लगबद्दल एक सांगून ठेवतो. गुडघ्याच्या बटणाची तार जोडायला पेडलला गिटारचाच मोठा जॅक बसवू नका, जरी तोच हाताशी असला तरी. अंधारात, घाईत, कुणीतरी बेंजोची केबल त्यात खुपसणार आणि नऊ व्होल्ट थेट पिकअपकडे जाणार. हेडफोनचा छोटा साडेतीन मिलिमीटरचा सॉकेट लावा आणि त्याच्या भोवती लाल नेलपॉलिशचा एक गोल काढा. बटणाखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवा, नाहीतर गादीवर ते सरकत राहतं.